बाकी हरकत नाही

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय ठकू,

माझं अक्षर पाहून कपाळाला आठी पडली असेल, तरी पत्र फाडू नकोस. रविवारी फोनवर तू जे जे बोललीस ते मी निमूट ऐकून घेतलं. मला तोंडी भांडता येत नाही, हे तुला शाळेपासून माहीत आहे. कागदावर थोडंफार जमतं.

तुझ्या नवऱ्याचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. जिन्यातला दिवा गेलाय, पण कुणी बदलत नाही. पाडायचीच आहे इमारत, आता कशाला, म्हणतात. पाडायच्या आधीच अंधार करून ठेवलाय मेल्यांनी.

आधी राग ओकून टाकते. पुनर्विकासाची ती ‘रहिवाशांशी सल्लामसलत’ कशी झाली ते तुला कुणी नीट सांगितलंच नसेल. कंपनीने एक गोड मुलगी पाठवली होती. तिने भिंतीवर मोठं चित्र लावलं आणि आमच्या हातात रंगीत चिठ्ठ्या दिल्या. चित्रात झाडं, झाडांखाली हसणारी माणसं. आमच्यातलं कुणीच नव्हतं त्यात.

“ताई, बागेत कुठली झाडं आवडतील तुम्हाला?” तिने विचारलं.

तुझी आई म्हणाली, “झाडं राहू दे बाळ, माझं शिवणाचं दुकान दाखव.”

मुलीने तळमजल्यावरून बोट फिरवलं. “इथे ना, पार्किंग येणार आहे. तुम्हाला पाचव्या मजल्यावर मस्त घर आहे.”

“म्हणजे माझ्या मशीनवर गाडी उभी करणार?”

सगळे हसले. मुलगीही हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. ते काय होतं, ते अहवाल आल्यावर कळलं: ‘बैठक खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.’ ब्याऐंशी वर्षांची बाई विचारते माझं दुकान कुठाय, आणि हे त्याला खेळीमेळी म्हणतात!

त्याच अहवालात पुढे आहे, सव्वीसपैकी अठरा कुटुंबांची हरकत नाही. त्या अठरांत खोली नंबर एक, म्हणजे तुझी आई, माझी मावशी. तू म्हणालीस, कंपनीने लबाडी केली आणि मी शिकलेली बाई असून सभेत मूग गिळून बसले. मी ‘हं’ म्हणाले आणि फोन ठेवला.

कंपनीने लबाडी केली नाही. तेवढीसुद्धा मेहनत मी त्यांना करू दिली नाही.

हरकत नोंदवायचा फॉर्म सात पानांचा होता, बारीक अक्षरातला. लोक माझ्याकडे आले, नेहमीसारखे. या इमारतीत कुणाच्या रजेची चिठ्ठी, कुणाची नळाची तक्रार, कुणाचं सांत्वनाचं पत्र, सगळं आजवर मीच लिहीत आले. तुला आठवतं, शाळेत सिस्टर पट्टी घेऊन बाकांमधून फिरायच्या? अर्जात आवाज चढवायचा नाही, आणि शेवटची ओळ अशी हवी की वाचणाऱ्याच्या मनात कडवटपणा राहू नये. मला त्याचं बक्षीस मिळालं होतं. मावशीनेच त्या दिवशीसाठी माझा गणवेश उसवून लांब करून दिला होता, रात्रीतून वाढल्यासारखी दिसत होते मी.

मावशी मला म्हणाली होती, “लिही, मी वर जाऊन काय करू? पायजमा आखूड करायला गिऱ्हाईक पाच मजले चढेल? दुकान गेलं तर त्या बिल्डरच्या ऑफिसात मशीन मांडून बसेन, म्हणावं.” मी लिहिलं, ‘दुकानाच्या सोयीचा विचार व्हावा, ही नम्र विनंती. बाकी हरकत नाही.’

अठरा फॉर्म. अठरांच्या शेवटी तीच ओळ. लोकांनी माझ्या भरवशावर न वाचता खाली सह्या केल्या. उरलेल्या आठ जणांनी आपापलं खरडलं. रिक्षावाल्याने तर पानभर एकच शब्द काढला, ‘नको’. त्याची हरकत धरली गेली. ते आठ जण त्यांच्या वाकड्या अक्षराने वाचले. अठरांना माझं शिक्षण भोवलं.

दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणतात, गप्प राहा. कंपनीने फॉर्म वाचण्यात गफलत केली असं आपण म्हणू, तुमचं नाव कुठेच येत नाही. खरंच येत नाही. चार दिवस मला तेच बरं वाटत होतं, हेही तुला सांगून टाकते.

बुधवारी खाली गेले. मावशी पडदा शिवत होती. मी सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

“नम्र विनंती? माझी?”

मी मान हलवली.

“त्या पोरीने विचारल्यासारखं केलं, ती परकी. तू माझ्यासमोर बसलीस, ऐकलंस आणि पुसून टाकलंस. जा घरी.”

मी हलले नाही. कागद पुढे केला आणि म्हटलं, आता सांगशील तसं लिहिते. तिने आधी पडद्याची शिवण पुरी केली. मग सांगितलं, शिव्यांसकट. एक अक्षर मी इकडचं तिकडे केलं नाही. तिने ते दोनदा वाचायला लावलं, मग सही केली.

बाकीच्या सतरा दारांत जातेय. अकरा झाली. पोस्टमनच्या बायकोने दार तोंडावर आपटलं, आणि मग उघडून म्हणाली, “लिही.” झालेले बारा कागद घेऊन आज सकाळी सरकारी कचेरीत गेले. कारकून म्हणाला, “बाई, असली भाषा दप्तरी घेता येत नाही.” मी म्हटलं, “मग घेता येत नाही असं लिहा आणि त्याखाली शिक्का मारा.” माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरचे दोघे उठून उभे राहिले. शिक्का मारून घेतला.

मंगळवारी अकराला सुनावणी आहे. बोलणाऱ्यांच्या यादीत मी नाव घातलंय. फॉर्म मी बदलले, हे सगळ्यांसमोर सांगणार आहे. वकील म्हणतात, मुदत संपलीय, कदाचित ऐकूनही घेणार नाहीत. दुकान वाचेल, असं मी तुला लिहू शकत नाही.

मावशी येणार आहे. पण माझ्याबरोबर नाही, असं तिने स्वच्छ सांगितलंय. कचेरीसमोरचा रस्ता रुंद आहे आणि तिला डाव्या डोळ्याने दिसत नाही. तो रस्ता ओलांडताना तिला कुणाचा तरी हात लागेल, आणि माझा ती धरणार नाही. म्हणून तू ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर.

जिच्यावर तू रागावलीस, आणि ते बरोबरच होतं, फक्त कारण कमी पडलं होतं, ती

वरच्या मजल्यावरची तुझी मैत्रीण