फाटकापासून ओट्यापर्यंत

४ मे २०२५, रविवार. सकाळी.
खुब्याच्या ऑपरेशननंतर आई वाशीमला सपनाकडे, माझ्या बहिणीकडे आहे. वॉकर घेऊन चालते. बुद्धपौर्णिमेला, १२ तारखेला, रिठदला घरी यायचंच म्हणते. तर ऑटो थेट ओट्याला लागला पाहिजे. पेव्हर ब्लॉक मी स्वतः बसवणार. व्हिडिओ पाहिले. मिस्त्री लोक उगाच बाऊ करतात.

संध्याकाळी.
शेजारचे माणिकराव फाटकाशी आले. "सतीश, काळी माती हाये. गुडघाभर खंद, मंग मुरूम भर." रिटायर माणूस, वेळ जात नाही. व्हिडिओवाल्याने वीतभरच खोदलं होतं. तो परदेशातला, पण माती ती मातीच. घोट्याएवढं खोदलं. कंबर धरली. तो वेगळा विषय.

६ मे.
मुरूम पसरला. धुम्मसने ठोकायचा असतो. थोडा ठोकला. बाकीचा आपोआप दबेल. वैजयंती म्हणाली, "तुमी दबसान, मुरूम नाई दबत." बायकोने सपोर्टिव्ह असायला हवं.

८ मे.
अवकाळी पाऊस. पाणी सरळ ओट्यावर. ढाळ घराकडे निघाला. निदान ढाळ आहे. काहींना तेवढाही जमत नाही.
सपनाला फोन केला, आईला अजून थोडे दिवस ठेव. आईने फोन घेतला. म्हणाली, "मले रस्ता नाई पायजे. मले घरी ने." आजारपणात माणूस इमोशनल होतो. समजावलं, "माय, तुह्यासाठीच करून राह्यलो ना." तिने फोन सपनाकडे दिला. जरा लागलं. मग ब्लॉकखाली घालायची दगडाची बारीक कच पसरली.

१० मे.
ब्लॉक बसले! फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. कडेचे थोडे सरकलेत. सरळ रेषा कुणालाही येते.
ट्रायल म्हणून मोटरसायकल आत घेतली. पुढचं चाक रुतलं. वैजयंती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

११ मे.
सगळं उखडलं. नव्याने, शास्त्रोक्त. सपनाला कळवलं, यंदाची पौर्णिमा तुझ्याकडेच. आई फोनवर आली नाही.

१२ मे. संध्याकाळी.
सुट्टी म्हणून सकाळपासून खोदत होतो. कुणी खड्ड्यात पडू नये म्हणून फाटकाला दोरी बांधली होती. दुपारी खिरीचा वास आला. वैजयंतीला विचारायला आत गेलो, तर चुलीपाशी खुर्ची टाकून आई खीर ढवळत होती.
सपनाने तिला माणिकरावांच्या दारात उतरवलं. त्यांच्या अंगणातून वॉकर टेकत ती आमच्या मागच्या दाराने आली. केव्हाची.
मी म्हटलं, "मले काहून नाई सांगितलं?"
"तू काम करून राह्यला होता. म्हटलं, कायले मोडता घाला." मग म्हणाली, "झाला का रे रस्ता?"
जवळजवळ, म्हणालो.
तिने खिरीची वाटी पुढे केली. माझे हात मुरमाने भरलेले. तिनेच चमच्याने भरवलं. सपना फोटो काढत होती. अडवलं नाही.
नंतर सगळे विहारात वंदनेला गेलो. आई मागच्या दारानेच. तिथली पायरी उंच पडते. उद्या वैजयंती तिथे विटांची एक बुटकी पायरी लावणार आहे. मी विटा उचलून द्यायच्या. डोकं चालवायचं नाही, असं आईने दोनदा सांगितलं.