देवळाजवळ आणलेलं घर

पुणे, २ जानेवारी १९७३

ती. आश्रुबादादास,
शि. सा. न. वि. वि.

गेल्या दोन वर्षांत सिनेमात एकच काम मिळालं, तेही प्रेताचं. अठरा वर्षं मी पुजारी, मामलेदार आणि सावकार झालो. आता तरुण पोरं दाढी चिकटवून म्हातारी होतात. म्हणून लिहायला बसलो. मासिकात चार लेख आले, लोकांना आवडले, आणि एका प्रकाशकांनी आत्मचरित्र मागितलं. वर नाव अर्थात सिनेमातलंच, विश्वासराव इनामदार. कचरू नावाचा नट कुणी पाहिलाय?

पहिलं प्रकरण सोबत आहे. तुझी आठवण पक्की, तेव्हा तपासून दे. आईलाही वाचून दाखव, तिला बरं वाटेल. आणि दादा, उत्तर बंद पाकिटातून धाड. तू उघड्या कार्डावर जयभीम लिहितोस आणि माझी कार्डं घरमालक माझ्याआधी वाचतात. त्यांच्या लेखी मी इनामदार आहे.

दुष्काळाचं पेपरात वाचतो. पाण्याचं कसं चाललंय? वहिनींना नमस्कार. पाणी आटलं तरी माया आटू देऊ नको.

तुझा,
विश्वासराव (सवयीने सही झाली) कचरू


पिंपळओढा, ता. केज, १६ जानेवारी १९७३

चि. कचरूस,
आश्रुबाचा जयभीम. पाकीट बंद हाय, घाबरू नको.

पाणी न्हाई. टँकर येतो तो देवळापाशी थांबतो. आधी तिकडची भांडी भरतात, मग आपल्या बायांची पाळी, आली तर. तुझी वहिनी आन मी दुष्काळी कामावर खडी फोडतो.

प्रकरण तपासलं. पान दोन, आजोबांना पटक्यांचा शौक होता असं लिहिलंस. पटका एकच होता, तो बी लग्नापुरता मागून आणलेला. पान तीन, तू शाळेला निघालास तवा मी रडलो म्हणतोस. माझे डोळे आले होते. ह्या बारीक चुका, राहू दे.

पान एक. आपलं घर देवळाजवळ, पिंपळाखाली, असं तू लिहिलंस. आपलं घर ओढ्याच्या पलीकडं महारवाड्यात हाय. बौद्ध झालो तरी घर तिथंच हाय. तू ते उचलून देवळाजवळ आणलंस. आणायचंच होतं तर तीस वर्षं आधी आणायचं, आईला पाणी जवळ पडलं असतं.

आईला वाचून दाखवलं. तिनं मन लावून ऐकलं. लई चांगली माणसं दिसतात म्हणाली, आन इचारलं, कुणाचं घर हाय हे. मी म्हटलं तुझंच. तर म्हणाली, मग मला तिथं कावून न्हाई ऱ्हाऊ दिलं. त्या दिवशी ती जेवली न्हाई.

कचरू, मला राग आलाय. तू सिनेमात पुजारी झालास, पोटासाठी झालास, मी चकार शब्द काढला न्हाई. इथं तंबूत तुझा सिनेमा लागला तवा बी गप बसलो. पण ह्या पुस्तकात आई हाय. घर जागेवर ठेव, न्हाईतर आईला त्यातनं काढ.

वहिनीचा आशीर्वाद. जीव हाय तुझ्यावर म्हणून एवढं खरडलं.

तुझा दादा,
आश्रुबा


पुणे, ११ फेब्रुवारी १९७३

ती. दादास,
सविनय जयभीम.

तीन दिवस मी तुझ्यावर चिडलो होतो. चौथ्या दिवशी लाज वाटली.

प्रकाशकांकडे गेलो, पहिलं पान बदलायचंय म्हणालो आणि का तेही सांगितलं. त्यांनी माझ्यासाठी मागवलेला चहा स्वतःच पिऊन टाकला. मग म्हणाले, वाचक इनामदारांना ओळखतात, तेव्हा हे सगळं शेवटच्या प्रकरणात घालू. मी म्हणालो, माणूस पहिल्या प्रकरणात जन्मतो. अखेर तयार झाले, प्रती मात्र निम्म्याच काढणार.

दादा, मला भीती वाटते. काम तर नाहीच, आणि घरमालक जुन्या वळणाचे. पुस्तक निघालं की त्यांना कळणारच. पण पान पुन्हा लिहिलंय, सोबत आहे. आईने चूक काढली तर तीही दुरुस्त करतो. तुम्ही सगळे पाठीशी असा, एवढंच.

तुझा,
कचरू


पिंपळओढा, २७ फेब्रुवारी १९७३

चि. कचरूस,
आश्रुबाचा जयभीम.

पान पोचलं. दुपारच्या सुट्टीत खडीच्या ढिगावर बसून सगळ्यांपुढं वाचलं. सोसायटीचे चेअरमन गहिनीनाथराव लाल ज्वारी वाटायला आलते, ते बी ऐकत थांबले. इनामदार म्हंजे ओढ्यापलीकडचा कचरू, हे कळल्यावर त्यांनी हातातलं माप खाली ठेवलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं की परसाली ते पुण्याला सभेला गेलते तवा तू दिसलास आन सिनेमातले पुजारी म्हणून ते तुझ्या पाया पडले. आता काय करावं म्हणून मलाच इचारत होते. मी म्हटलं, पाया पडलेलं परत घेता येत न्हाई, तुमी ज्वारी वाटा. त्यांनी वाटली, मापात बी कमी केली न्हाई. टँकर मात्र अजून देवळापाशीच थांबतो.

घरी येऊन आईला वाचलं. तिनं एकच चूक काढली. हंडा घेऊन येताना आई ओढ्यात पडली असं तू लिहिलंस. ती पडली न्हवती, तिला ढकललं होतं. एवढं दुरुस्त कर.

मग पुन्हा वाचायला लावलं आन भाकरी खाल्ली. घरमालक तुला ठेवतील का असं तिनं इचारलं. मी खोटं कशाला बोलू, माहीत न्हाई म्हटलं. तर तिनं हे लिहायला सांगितलंय, न्हाई ठेवलं तर सरळ निघून ये. घर कुठं हाय ते पुस्तकात बघ म्हणावं.

तुझा दादा,
आश्रुबा