कड्यावरची दुसरी पुंगळी

मी, ऑर्विल हॅगबर्ग, वय एकोणऐंशी, राहणार टॅमरॅक फोर्क, मोंटाना, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, दिवसाउजेडी, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि व्हिस्कीचा थेंबही न घेता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे; पुढचा मजकूर वाचताना त्याची गरज पडेल. आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द समजावीत. मागच्या महिन्यातलं तर नक्कीच. ते भित्र्या माणसानं लिहिलं होतं.

कलम १. राहतं घर आणि नदीकाठची अकरा एकर जमीन कर्टिस प्रुइट याला द्यावी. कर्टिस हा माझी दिवंगत पत्नी लोर्ना हिचा भाचा, म्हणजे तिचा भाऊ वेंडेल याचा मुलगा. सहाव्या वर्षी त्याचा बाप गेला. कसा गेला, ते खाली येईल. ते ऐकून त्याला हे घर नको वाटलं, तर ते विकून त्यानं पैसे हवे तिथे द्यावेत. मी त्याला दोष देणार नाही.

कलम २. माझी पुस्तकं गावच्या वाचनालयाला. समासातल्या माझ्या टिपा खोडू नयेत. खाणकंपनीनं नदीत विष सोडलं तेव्हा याच टिपांतून मी भाषणं उभी केली, आणि चर्चचे पाळकसाहेब "ऑर्विल, जरा सबुरीनं" म्हणत कंपनीच्या टेबलावर जेवत होते. त्यांना माझ्या संग्रहातलं एकही पुस्तक घरी नेऊ देऊ नये. बसून वाचावं.

कलम ३. काडतुसं भरायचं सगळं सामान नेमबाजी क्लबला द्यावं: दाबयंत्र, दारू तोलायचा तराजू आणि घुसळणारा डबा. कर्टिसला देऊ नये. तो उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गवतात सोडून येतो.

डबा घेणाऱ्यानं माझी पद्धत पाळावी. पुंगळीच्या बुडाशी वाटाण्याएवढी टोपी असते. बंदुकीची पिन तिच्यावर आपटते आणि बार उडतो. ती उडालेली टोपी आधी ठोकून काढावी. मग पुंगळ्या व्हिनेगरच्या कोमट पाण्यात धुवाव्यात, टॉवेलवर वाळवाव्यात आणि अक्रोडाच्या कवचाच्या भुशात चार तास घुसळाव्यात. चाळून काढल्यावर पितळ नव्या नाण्यासारखं दिसतं. पुंगळी कुणी उडवली, कशावर उडवली, यातलं काही उरत नाही. सगळ्या सारख्या.

पन्नास वर्षं या खोऱ्यातल्या अर्ध्या शिकाऱ्यांची काडतुसं मी भरली. आमच्यासारख्यांची एक खोड असते. बार उडाला की हात आपोआप खाली जातो आणि पुंगळी खिशात पडते. डोक्याला पत्ताही नसतो.

कलम ४. नोव्हेंबर १९७९. कड्यावर धुकं होतं. वेंडेल, मी आणि रॉस्को टिंडल एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, मागावर गेलो होतो. रॉस्को माझा लहानपणापासूनचा मित्र. एल्क दिसला तसा रॉस्कोनं बार टाकला. मी तिथल्याच दुसऱ्या हालचालीवर टाकला. ती हालचाल वेंडेलची होती.

गोळी आरपार गेली, सापडली नाही. शेरीफला कड्यावर एकच पुंगळी मिळाली, रॉस्कोची. माझी माझ्या खिशात होती. संध्याकाळी हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी तिची टोपी काढली आणि बाकीच्या दोनशेंबरोबर तिला डब्यात टाकलं. सकाळी शेरीफ आला.

"रॉस्को म्हणतो, दोन बार झाले. तू काय म्हणतोस?"

लोर्ना दारात उभी होती, डोळे सुजलेले. मी म्हणालो, "एक."

दफनानंतर ग्रेंज सभागृहात, म्हणजे शेतकरी संघटनेच्या हॉलमध्ये, गाव जमलं. मी पाऊण तास बोललो. निष्काळजी माणसाबद्दल, आणि वर खोटं बोलणाऱ्याबद्दल. आयुष्यातलं माझं सर्वांत चांगलं भाषण ते. बायका रडल्या. रॉस्कोला दोन वर्षांची शिक्षा झाली, त्याची बायको लेकरं घेऊन निघून गेली. आज एक्क्याऐंशीव्या वर्षीही दुकानात तो आला की लोक रांग सोडून बाजूला होतात.

पुढच्या मे महिन्यात, बर्फ वितळल्यावर, कड्याखाली मला त्या एल्कचा सांगाडा सापडला. खांद्याच्या हाडात गोळी होती. नळीच्या आतल्या खाचा गोळीवर ओरखडे उमटवतात. रॉस्कोची बंदूक दुसऱ्या महायुद्धातली, तिच्या नळीत दोनच खाचा. माझ्या नळीत चार. त्या गोळीवर दोन ओरखडे आहेत. म्हणजे रॉस्कोची गोळी एल्कला लागली होती. ती गोळी मी एक्केचाळीस वर्षं लोकरी मोज्यात लपवली. ती रॉस्को टिंडल याला द्यावी. त्याचीच आहे.

कलम ५. ती पुंगळी आणि कॉफीचा डबा.

शेरीफ गेल्यावर मी भुसा चाळला. दोनशे पुंगळ्या चकचकीत होत्या. एकीच्या तोंडावर ताजी काजळी होती आणि बुडाला टोपी, उडालेली, पिनचा खड्डा मध्यापासून जरा कडेला. माझ्या बंदुकीची पिन तशीच कडेला आपटते. मला वाटलं, हिची टोपी काढायची राहिली असेल. मी टोपी काढली, पुंगळी पुन्हा घुसळली. दुसऱ्या सकाळी पुन्हा काजळी, पुन्हा टोपी, खड्डा त्याच जागी.

मी ती नदीत फेकली. पुढच्या खेपेला चाळणीत तीच होती. तोंडाजवळच्या पोच्यावरून मी तिला ओळखतो. कुंपणाखाली पुरली, तरी आली. मग मी हात टेकले. दर खेपेला निघालेली टोपी कॉफीच्या डब्यात टाकत गेलो.

एकदा लोर्नानं ती टेबलावरून उचलली, हुंगली.

"ऑर्व्ह, आज कोणी बंदूक उडवली?"

"कोणी नाही गं."

"मग ही गरम कशी?"

मी ती तिच्या हातातून काढून घेतली. तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. चार वर्षांपूर्वी ती गेली, त्या दुपारी मी उशाशी बसलो होतो. तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "डब्यात किती झाल्या?" कॉफीच्या डब्याबद्दल मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

"एकशे अठरा," मी म्हणालो.

"वेंडेलला सांगते," ती म्हणाली. ते तिचं शेवटचं बोलणं.

कलम ६. हे सगळं माझ्या मरणानंतर ग्रेंज सभागृहात वाचावं. मागच्या महिन्यातही मी हेच लिहिलं होतं. सही करून झोपलो. सकाळी पुंगळी टेबलावर होती. काजळी नव्हती. आरशासारखी चमकत होती, आणि भरलेली होती: टोपी नवी, गोळी बसवलेली. मी भरली नव्हती. त्या दिवसापासून ती तशीच इथे आहे, आणि मी खुर्ची कुठेही सरकवली तरी तिचं टोक माझ्याकडे असतं.

म्हणून आज मी रॉस्कोला बोलावलं. बेचाळीस वर्षांनी तो या घरात आला. मृत्युपत्रात त्याला काही मिळत असल्यामुळे तो साक्षीदार होऊ शकत नाही. नुसता समोर बसला आहे. मी वरचं सगळं त्याला वाचून दाखवलं. त्यानं कॉफी संपवली.

"हे कधी वाचायचं म्हणालास?"

"मी मेल्यावर."

"वा रे वा! तू पेटीत, फुलं तुझ्यावर. लोक म्हणणार, बिचारा ऑर्व्ह, किती सोसलं त्यानं. आणि मी मागच्या बाकावर."

"मग काय करू?"

"भाषण तुला येतं ना? तेव्हा किती वेळ बोलला होतास?"

"पाऊण तास."

"मग तेवढंच बोल. आणि मला पुढच्या रांगेत खुर्ची. कर्टिसच्या शेजारी."

म्हणून या कलमाच्या पहिल्या ओळीतले 'माझ्या मरणानंतर' हे शब्द मी स्वतःच्या हातानं खोडले आहेत. त्यांच्या जागी 'येत्या शनिवारी, सकाळी दहा वाजता, मी स्वतः' असं लिहिलं आहे. एल्कचा हंगाम त्याच दिवशी उघडतो. गाव जमेल. पुढे शेरीफला काय करायचं ते त्यानं करावं.

मी खोडत होतो तेव्हा रॉस्को खिडकीतून कड्याकडे बघत होता. "दोन," तो म्हणाला. "मी दोनच म्हणालो होतो रे."

सही: ऑर्विल हॅगबर्ग

आम्ही खाली सही करणारे दोघे. ऑर्विल यांनी आमच्यासमोर खाडाखोड केली आणि सही केली. आम्ही आलो तेव्हा टेबलावर एक भरलेलं काडतूस होतं. सही झाली तेव्हा तिथे रिकामी पुंगळी होती, बुडाला टोपी नव्हती. बार झाल्याचा आवाज आला नाही. कुणीही तिला हात लावला नव्हता. नंतर लावला. थंड होती.

साक्षीदार: ग्लेनिस फारिस, टपाल कार्यालय
साक्षीदार: इरा नॉर्डविक, पशुवैद्य

टॅमरॅक फोर्क, मंगळवार, १९ ऑक्टोबर २०२१