अस्मीच्या वाट्याला चौथी राणी

करामा, दुबई
१४ जून

तीर्थरूप आईंना सुमेधाचा वाकून नमस्कार.

गुडघ्याला तेल लावता ना, की बाटली नुसतीच कपाटात बसवून ठेवलीय? इथे उन्हाने जीव नकोसा केलाय. इतक्या वर्षांनी पुन्हा पत्र बघून चकित व्हाल. पण फोनवर तुम्ही स्पीकर लावता आणि शेजारच्या कमलकाकू खिडकीपाशी येऊन बसतात. उपेंद्र व्हिडिओवर का दिसत नाही, असं तुम्ही सारखं विचारता. त्याचं उत्तर मला फक्त तुम्हाला द्यायचंय. ऑफिसमधले सिद्धार्थ कराडला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतेय.

आधी नातीची बातमी. अस्मीच्या शाळेत इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचं नाटक आहे. मेल्याने सहा लग्नं केली आणि दोघींची मुंडकी उडवली. अस्मीला दुसरी राणी व्हायचं होतं, मुंडकं उडणारी. मिळाली चौथी. घरी येऊन दप्तर फेकलं. "मम्मा, शी डझन्ट ईव्हन डाय!" मरायला मिळत नाही म्हणून रडणारी पोर मी पहिल्यांदाच बघितली.

तिची समजूत घालायला मी त्या चौथीबद्दल वाचलं. नाव अ‍ॅन, जर्मनीकडची. राजाने चित्र बघून पसंत केली आणि समोर आल्यावर नाक मुरडलं. सहा महिन्यांत लग्न रद्द. ती भांडली नाही, बरं म्हणाली. घरदार पदरात पाडून घेतलं आणि सगळ्या राण्यांच्या मागे तीच उरली. स्थळ आणणाऱ्या मंत्र्याचं डोकं मात्र गेलं.

तुम्हीही मला फोटो बघूनच पसंत केलं होतंत, आई. घाबरू नका, तुमचं डोकं शाबूत आहे.

उपेंद्र रास अल खैमाला टाइल्सच्या कारखान्यात लागला, तेव्हा दर शनिवारी यायचा. मग महिन्यातून एकदा. आता फक्त अस्मीला भेटायला येतो, वरही येत नाही, खाली गाडीत बसून हॉर्न वाजवतो. आमचा संसार संपला, आई. दुसरी कुणी नाही, मी स्पष्ट विचारलं. "तू वाईट नाहीस, पण मला नाही जमत," म्हणाला. दुसरी असती तर निदान तिला शिव्या घातल्या असत्या. खूप रडले. मग खलास म्हटलं आणि घटस्फोटाच्या कागदांवर सही केली. अस्मी माझ्याजवळच राहील, व्हिसा आता माझ्या ऑफिसचा आहे, काळजी नको. तुम्हाला सांगायला तो धजत नाही. त्याच्यावर फार रागावू नका. थोडं रागवा.

त्या राणीला राजाने पुढे आपली बहीण म्हणून जाहीर केलं. ती राजवाड्यात यायची, त्याच्या मुलांबरोबर जेवायची. नवऱ्याची बहीण व्हायची मला हौस नाही. पण वाचताना तुमची फार आठवण आली.

लग्न झाल्यापासून दर वर्षी मी रजा काढून आले आणि तुमच्या उंबऱ्यातून गौरी आत आणली. ते सुनेचं काम. यंदा धाकट्या जाऊबाईंना सांगा, त्या नीट करतील. पण गौरीजेवणाला तुम्ही माहेरवाशिणींनाही बोलावता. अस्मीला घेऊन मी त्या पंगतीत बसले तर चालेल? वाढायला नाही, जेवायला.

नाही म्हणालात तरी तुमच्यावर राग नाही. पण बोलवा, आई.

आजवर इथे 'तुमची सून' लिहीत आले. आज काय लिहायचं, ते तुम्ही कळवा.

तुमची
सुमेधा