न मागता आलेली बोलकी बाई

सफाक्स, मंगळवार

आदरणीय सी तय्यब यांस मुन्सिफचा सलाम.

घराचा जिना, गच्चीवरचा पाणी तापवायचा बंब आणि तीन मेलेल्या कॉम्प्युटरांतून उभा केलेला एक जिवंत कॉम्प्युटर, एवढं मी स्वतःच्या हातांनी केलं, कोणाकडे शिकायला न जाता. (जिन्याची चौथी पायरी उंच आहे, ती मुद्दाम.) तुमचा गुडघा कसा आहे? ताईला सांगा, ऑलिव्हचं तेल पोचलं.

तर कॉम्प्युटर उत्तम चालला होता, म्हणून मी त्याची ऑपरेटिंग सिस्टीम अपग्रेड केली. (यातला ‘म्हणून’ माझ्या बायकोला, मबरूकाला, अजून पटलेला नाही.) नव्या सिस्टीमने मला न विचारता सगळं वऱ्हाडच आत उतरवलं: पत्त्यांचा खेळ, बुद्धिबळ, माझ्याकडे नसलेल्या प्रिंटरांची सोय, आणि पडद्यावरचं सगळं मोठ्याने वाचून दाखवणारी एक बाई. मी काही टाइप केलं की ही घरभर बोंबलणार! सासूबाईंना, म्हणजे लल्ला झोहरांना, दिसत नाही. त्या तिच्यावर बेहद्द खूष. “विचारल्यावर उत्तर देणारं एक तरी माणूस या घरात आलं,” म्हणाल्या, आणि तिच्या भरवशावर पत्ते खेळू लागल्या. शिवाय जिंकू लागल्या.

माझ्या यंत्रात मी न बसवलेला स्क्रूसुद्धा मला खपत नाही. काल त्या बाईला काढायचा हुकूम दिला. हिच्याबरोबर हिला जोडलेले पुढचे प्रोग्रामही जातील, चालेल का, असं कॉम्प्युटरने विचारलं. खाली ही लांबलचक यादी. (दुसऱ्याने केलेल्या याद्या मी वाचत नाही.) ‘हो’ म्हटलं. बाई गेली. तिच्यामागोमाग खिडक्या गेल्या, माउसचा बाण गेला, आणि मबरूकाचं भरतकामाचं मशीन चालवणारा प्रोग्रामही गेला. आता काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकते. शेजारच्या नवरीच्या पोशाखाची एक बाही जरीने भरलेली, दुसरी कोरी, आणि लग्न रविवारी.

“हे काय केलंस?” मबरूकाने विचारलं.

“साफसफाई.”

“छान. आता नवरीला एका बाहीने नांदायला धाड.”

“त्या बिचारीला हाकललंस!” सासूबाई आतून ओरडल्या. “निदान डाव तरी संपू द्यायचास, मेल्या!”

बाकी सर्व क्षेम.

तुमचा,
मुन्सिफ

ता.क. मदत मागण्यासारखं यात काही नाही. मात्र जुन्या सिस्टीमची डिस्क तुमच्याकडे आहे, ती घेऊन गुरुवारी याच. सहज आलो म्हणायचं. (पत्र टॅक्सीवाल्या नाजीच्या हाती देतोय, त्याला काही सांगू नका.)

ता.ता.क. समोरची झेरॉक्सवाली फातेन आत्ताच दारात येऊन म्हणाली, “मुन्सिफकाका, संध्याकाळपर्यंत सगळं परत बसवून देते.” मी साफ नाही म्हटलं. तिने किती मागितले म्हणाल, तर एक दिनारही नाही.