मायचा हौद

९ जानेवारी
आले एकदाची! आईनं दिलेली संत्र्यांची पिशवी गणेशपेठ स्टँडवर फाटली आणि निम्मी संत्री एसटीखाली घरंगळली. गोळा करायला चारजण धावले, त्यातल्या दोघांनी सोलून खाल्लीसुद्धा. नागपूरनं असं स्वागत केलं.

केंद्र सक्करदऱ्याच्या पुढे, वस्ती विरळ होते तिथे. तस्करांकडून सोडवलेली मऊ पाठीची कासवं इथे आणतात. गोणीत कोंबून रेल्वेनं चाललेली असतात बिचारी. बरी झाली की वैनगंगेत सोडायची, आणि सोडण्याआधी त्यांचा ताण कमी करायचा, हे माझं काम. आईला सांगितलं तर म्हणाली, कासवाला कसला आलाय ताण, त्याला काय पोरीचं लग्न करायचंय!

वामनराव व्यवस्थापक आहेत, पन्नाशीचे, तुकतुकीत. बायको शोभाताई. दोघं आवारातच राहतात, मला वरच्या दोन खोल्या. शोभाताईंनी प्रेमानं गोळाभात वाढला. तुम्हीही बसा म्हटलं, तर "आमचं झालं नं," म्हणाल्या.

खिडकीतून ऊन येतं. पाहिल्याबरोबर खुशीच आठवली. माझी लेक, सहा वर्षांची आहे, सध्या माझ्या आईकडे. तिचा बाबा, सुशील, गेला आणि लेकीची अन्नावरची वासनाच उडाली. घास तोंडात धरून बसते, फासळ्या मोजून घ्याव्यात अशी झाली आहे. तिला इथे आणायचं आणि माझ्या हातानं भरवायचं. नोकरी त्यासाठीच तर घेतली.

१४ जानेवारी
कामाला लागले. हौदांवर हिरवी जाळी टाकली, तळाशी वाळू पसरली म्हणजे त्यांना अंग पुरून बसता येईल. रेडिओ बंद, मोबाइल बंद, उगाच उचलाउचली बंद. उचलायचंच झालं तर डोळ्यांवर ओलं गोणपाट. माणूस दिसला नाही की त्यांची धडधड कमी होते. नवी आलेली कासवं भिंतीला नाक घासून घासून रक्त काढतात, त्यांच्यासाठी हे सगळं.

आज संक्रांत. दोघांना तिळगूळ दिला, गोड बोलले. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर तोच तिळगूळ दिसला, मुंग्या लागलेला. आई म्हणते तू प्रसादालाही आधी वास घेऊन बघतेस. खरंय, स्वभावच संशयी. पण सणाचा तिळगूळ कुणी टाकतं का?

२८ जानेवारी
मागच्या बाजूला एक जुना मोठा हौद आहे. त्यात एकच कासवी, परातीहून मोठी. वामनराव तिला माय म्हणतात. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून ती इथे आहे. तिला अजून सोडली का नाही विचारलं, तर म्हणाले, "तिले इथंच बरं वाटते."

गंमत म्हणजे सगळ्यात घाबरट कासवं ते मायच्या हौदात टाकतात, आणि ती शांत होतात. नाक घासणं बंद, धडपड बंद. माझ्या जाळीला आणि वाळूला जे जमलं नाही ते म्हातारीला जमतं. जरा राग आला, खोटं कशाला बोलू.

६ फेब्रुवारी
वामनराव मासळी विकतात, असं मला वाटू लागलं आहे. कासवांसाठी रोज मासळी येते, मायच्या हौदाजवळ जाते, आणि नंतर वामनराव डबा मोटरसायकलला अडकवून तलावाकडे जातात. आज मागोमाग गेले. विकत नव्हते. बगळ्यांना टाकत होते, सगळी. काहून टाकता म्हणून मीही त्यांच्याच भाषेत विचारलं. शांतपणे म्हणाले, कासवं खाऊन नाही राहिले, मंग सडवाची का?

थंडीत कासवं कमी खातात, मान्य. पण मग मायच्या हौदातली सगळी वजनानं वाढली कशी?

शोभाताई हसल्या. "कासवी का पिलाईले दूध पाजते? नजरेनंच पोसते." कीर्तनात शंभरदा ऐकलेलं आहे हे. मी डॉक्टर आहे हो जनावरांची, म्हटलं.

१६ फेब्रुवारी
खुशी आली! येतानाच तोंड एवढंसं झालेलं. वरणभात कालवला, दोन घास गेले, तिसऱ्याला रडली. असू दे. दोन तर गेले.

२३ फेब्रुवारी
खुशीचं नख खाणं थांबलं. झोपेत दचकणंही. माझ्या कामाच्या वेळी शोभाताई तिला सांभाळतात. गालांवर लाली आली आहे. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर आईला रडू आलं. म्हणाली, तुझ्या हाताला गुण आहे.

माझ्या हाताला? माझ्या हातचं ती काही खातच नाही. पोट भरलंय म्हणते. शोभाताई काय भरवतात विचारलं, तर काहीच नाही म्हणतात.

१ मार्च
आज त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावले. शोभाताई धुणं वाळत घालत होत्या तेव्हा, चोरासारखी. माझ्यापुरतं एक पातेलं, एक तवा. माझ्यासाठी आणलेलं थोडं पीठ आणि तांदूळ. दोन माणसांच्या संसाराचं मीठ-मिरचीसुद्धा नाही. ताटंही नाहीत. माझं आणि खुशीचं, एवढीच.

इतक्या दिवसांत मी त्यांना पाण्याशिवाय काही घेताना पाहिलेलं नाही. दर वेळी तेच, "आमचं झालं."

४ मार्च
खुशीला पोहे दिले. ताटलीकडे न बघताच म्हणाली, "माझं झालं नं."

नं. आठ-पंधरा दिवसांत पोर नागपुरी बोलू लागली म्हणून मी हसायला हवं होतं.

७ मार्च
आता ऊन तापलं आहे. या दिवसांत कासवं भुकेनं हौद डोक्यावर घेतात. बाकीच्या हौदांत घेतातच. मायच्या हौदातली नाही. जिवंत मासा नाकासमोर सोडला तरी हलत नाहीत. सगळी एका दिशेला तोंड करून.

आणि हौदाच्या कठड्यावर खुशी. हनुवटी टेकवून, तशीच. माय पाण्याबाहेर मान काढून तिच्याकडे बघत होती. मी तिथे असेपर्यंत दोघींपैकी कुणाची पापणी हलली नाही.

ओढून आणलं तिला. ओरडली नाही, रडली नाही. ताण म्हणून नाहीच मुळी. मी जे कासवांत आणायला आले होते तेच.

९ मार्च
ठरवलं. मायला सोडायचं. कारण कागदावर सरळ आहे, तब्येत उत्तम, नदीयोग्य. वरून परवानगीही आली. खरं कारण मी कुणाला सांगणार? माझी लेक दुसरीकुणी पोसते आहे, हे मला सहन होत नाही. तिला भूक लागली पाहिजे. माझ्या हातचं खाल्लं पाहिजे तिनं.

१० मार्च
वामनराव पायाशी बसले. एवढा मोठा माणूस. "मायले नका सोडू मॅडम. आमी कशावर जगू?" नोकरीचं म्हणत असतील, असं मी स्वतःला समजावलं. नोकरी जाणार नाही, दुसरी कासवं येतील, म्हटलं. शोभाताई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग खुशीकडे.

१३ मार्च
सोडली. डोळ्यांवर गोणपाट टाकून, मी स्वतः टेम्पोत बसून नेली. भंडाऱ्याच्या पुढे पात्र खोल आहे तिथे. काठावर गोणपाट काढलं, तिनं एकदा मागे पाहिलं आणि गेली. मला केवढं हायसं वाटलं! येताना तर्रीपोहे खाल्ले, दोन प्लेट.

१५ मार्च
मायच्या हौदातली कासवं एका रात्रीत चिपाड झाली. मासे तसेच पोहताहेत त्यांच्यामधून.

खुशी म्हणाली, आई, भूक लागली. मला आनंद झाला. देवा, मला आनंद झाला. वरणभात, केळं, दूध, सगळं दिलं. सगळं उलटून पडलं.

१६ मार्च
दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल, उन्हाचं असेल, म्हणाले. फ्रॉक खांद्यावरून घसरतोय.

१७ मार्च
वामनराव आणि शोभाताई मायच्या हौदापाशी बसलेत. कालपासून. वामनरावांचा सदरा काठीवर टांगल्यासारखा. ते आता हलत नाहीत. शोभाताईंना मी हलवलं, माफी मागितली, काय करू सांगा म्हटलं. ओठ हलले. "आता तुमीच पाहा तिच्याकडे."

बघतेच आहे की. आईच आहे मी तिची, मी नाही तर कोण—

१८ मार्च
शोभाताई म्हणाल्या ते नुसतं सांभाळा असं नव्हतं.

सकाळी तिचा श्वास जाणवेना. मांडीवर घेतलं आणि बघत राहिले, नुसती, पापणी न मिटता. डोळ्यांत आग. तिच्या गालावर रंग आला. थोडासा. माझ्या डोळ्यांदेखत.

पापणी मिटली तेवढ्यात—
पुन्हा उतरला.

दुपार
भूक नाही मला. झोपही नाही. डोळ्यांतून पाणी वाहतंय, ते रडणं नाही. तिनं डोळे उघडले. हसली. आई, माझं झालं म्हणाली.

नदीवर परत जावं तर— गाडी चालवताना बघणार कशी?

आईला फोन लावला, न बघताच, अंदाजानं. निघाली आहे. पण फोनवर सांगितलं तर तिला वेड वाटेल, म्हणून लिहून ठेवतेय. ओळ लिहायची, वर बघायचं. ओळ लिहायची, वर बघायचं.

प्रत्येक ओळीला ती थोडी कमी होते.

आई, पिशवीत लाडू आणले असशील. देऊ नकोस. भरवू नकोस. मला झापड आली तर मला उठवत बसू नकोस, आधी तिच्यासमोर बस आणि फक्त तिच्याकडे— खुशी, थांब बाळा, एवढीच ओळ, हे बघ, मी बघ—