धनदेवाच्या दिवशी न घेतलेली अंगठी

३१ जानेवारी, सकाळी ६.१०
आज धनदेवाचा दिवस, सोनं घेतलं की वर्षभर बरकत. अख्खं दा नांग शहर सोन्याच्या दुकानांपुढे रांगेत. आईनं पंचावन्न लाख डोंग हातात ठेवले. म्हणजे माझा अर्धा पगार, तिच्या शेवयांच्या गाडीची चार महिन्यांची बचत. धाकट्या बहिणीला, दिएपला, लग्नात घालायची अंगठी आजच घ्यायची म्हणे. मी म्हटलं, आज भाव सगळ्यांत चढा असतो. आई म्हणाली, देवाशी घासाघीस करतेस होय गं?

सकाळी ९.४०
रांगेतून बाहेर पडले. योजना: पैसे आठवडाभर शेअरमध्ये. गर्दी ओसरली की अंगठी स्वस्तात. वरचा फायदा माझा. कोळंबी गोठवणाऱ्या कंपनीचे तीनशे शेअर घेतले. प्रयोगशाळेत मी काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडते. कुठला कधी फुटणार, आलेखावरून आधी कळतं.

१ फेब्रुवारी
सात टक्के खाली. बाजाराच्या नियमानं एका दिवसात याहून खाली जाऊ देत नाहीत, म्हणजे सुरक्षित आहे. नवे शेअर दोन दिवस विकताही येत नाहीत. घाबरटांसाठी उत्तम नियम. माझी नाडी ९८, पण जिने चढले होते.
आईनं अंगठी मागितली. म्हटलं, वजन तपासायला प्रयोगशाळेच्या तिजोरीत ठेवलीय. ती देव्हाऱ्यातल्या धनदेवाला म्हणाली, हिला इतकं शिकवायला नको होतं.

३ फेब्रुवारी
सलग तिसरा दिवस तळ, म्हणजे पुन्हा पूर्ण सात टक्के खाली. विकायला लावले. खरेदीदार शून्य. शेजारच्या टेबलावरचे तोआनदादा म्हणाले, अगं, कोळंबीला रोग लागलाय, पेपरात आठवडाभर येतंय. मी आलेख पाहते, पेपर नाही.

६ फेब्रुवारी
स्कूटरच्या हप्त्याच्या पैशांत आणखी शंभर घेतले. सरासरी किंमत खाली आली. ही प्रगती आहे. आज बाजारात खरेदीदार एक. मी.

८ फेब्रुवारी
सोनं उतरलं! अंगठी दीड लाखानं स्वस्त. माझा अंदाज तंतोतंत बरोबर होता. घ्यायला पैसे नाहीत.
लग्न बाराला. पगार पंधराला.

१० फेब्रुवारी
आई गल्लीभर सांगतेय, थोरलीनं पहाटेपासून रांग लावून आणली. मासळीवाल्या काकू म्हणाल्या, मग दाखव की, नजर नाही लावत. म्हटलं, तिजोरीची किल्ली साहेबांकडे आहे. दोन दिवस जेवण जात नाही. कारण बहुधा हवामान.

११ फेब्रुवारी, दुपार
उपाय सापडला. गेल्या वर्षी धनदेवाच्या दिवशी आईनं माझ्यासाठी घेतलेली अंगठी खणात होती. तेव्हा तिला मी पडीक गुंतवणूक म्हटलं होतं, आणि शुद्धता बघायला कानशीनं एक बारीक रेघ ओढली होती. वजन तेवढंच. रेघ ०.४ मिलिमीटर. आईच्या डोळ्यांना दिसणं अशक्य.

१२ फेब्रुवारी
लग्न पार पडलं. आईनं दोन्ही घरांपुढे अंगठी उंच धरली, दिएपच्या बोटात घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कोणालाही कळलं नाही.
भांडी घासताना आई म्हणाली, रेघ तळव्याकडे फिरवून घातली हो मी, व्याह्यांना दिसायला नको. मी ताट पुसत राहिले. ती म्हणाली, स्वतःची दिलीस, मन मोठं आहे तुझं. आता ते पंचावन्न लाख आहेतच, उद्या तुझ्यासाठी घेऊ. भावही उतरलाय, गर्दीही नाही. तूच म्हणत होतीस ना?

१३ फेब्रुवारी, सकाळी ९.१५
आई चपला घालून दारात उभी आहे.
शेअर: तळ. खरेदीदार: शून्य.